पहिल्या भेटीची चटणी

चहा बंद झाला त्याला एकसष्ट दिवस झाले होते आणि चटणीसाठी हातात उरले होते चार. हर्षदा पोवार सकाळी डोळे उघडले की आधी हे दोन आकडे मनात घोकायची आणि मगच अंथरुणातून उठायची. उठल्यावरही तिला एका जागी बसवत नसे.

गडहिंग्लजमध्ये पोवारांचा डंक कुठे म्हणून विचारलं, तर कुणीही हात लांब करून दाखवील. पत्र्याच्या छपराखाली विजेवर चालणारी आठ लोखंडी मुसळं, आणि मार्च ते मे अख्ख्या पंचक्रोशीच्या वर्षभराच्या चटणीचा धबधब आवाज. बाया घरून मिरच्या वाळवून आणतात, मसाले भाजून, कांदा-लसूण परतून आणतात आणि इथं कुटून घेतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, बाकी ज्याच्या त्याच्या घरचं प्रमाण. मीठ मात्र सगळ्यात शेवटी डंकावर पडतं आणि ते किती, हे पोवारांच्या घरची बाई ठरवते. भाकरीच्या तुकड्यावर चिमूटभर चटणी, वर तेलाचा थेंब, तो घास तिनं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर खायचा आणि म्हणायचं, "बांधा." त्याशिवाय डब्याला झाकण लागत नाही. हर्षदाच्या सासूनं, मालनआक्कांनी, तीस वर्षं हे केलं. त्यानंतर बावीस वर्षं हर्षदानं.

आता दिवसाला तीस-चाळीस घरं म्हणजे तीस-चाळीस तुकडे. तुकडा केवढाही असला तरी भाकरी ती भाकरीच, आणि दोन वेळचं जेवण काही कुणी त्यातून वजा करत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी हर्षदाचं वजन एकशे एकवीस किलोवर गेलं, साखर वाढली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. जानेवारीच्या शेवटी कोल्हापूरच्या एका दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रिया नव्या पद्धतीची होती. पूर्वी नुसतं जठर कापून लहान करायचे. वजन उतरायचं, पण मेंदूतली हाव होती तेवढीच राहायची, आणि बरीच माणसं चार-पाच वर्षांत पुन्हा मूळपदावर यायची. नव्या पद्धतीत जठराकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसवतात. ते शंभर दिवस अन्नाची जुनी ओळख पुसट करून ठेवतं. मग उष्टावण झालेल्या पोराला जसं सगळं नवं, तसं पेशंटला सगळं नव्यानं भेटतं. आधी पातळ, मग मऊ, मग घट्ट. दर पदार्थाच्या पहिल्या घासानंतर दोन तास यंत्र शरीराचा कौल घेतं. पोट आणि मन शांत राहिलं, तर पदार्थ आत आला. ढवळलं, तर मेंदू त्याला विष समजतो आणि पुढे आयुष्यभर नुसत्या वासानंही उलटी येते.

यात फार अचंबा करण्यासारखं काही नाही. हर्षदाचा नवरा रणजित लहानपणी एका लग्नात नासलेली बासुंदी प्यायला होता, तो अजून बासुंदीच्या पातेल्याकडे पाठ करून बसतो. शरीराची ही खोड जुनीच आहे. यंत्रानं ती प्रत्येक पदार्थाला लावली, एवढंच. पेशंट मंडळींनी त्या यंत्राचं नाव ठेवलं होतं उंबरा.

आहाराचं बघणाऱ्या मुल्ला मॅडमनी आणखी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. "पहिल्यांदा जशी चव घ्याल, ताई, तीच बरोबर म्हणून बसेल. आणि शंभर दिवसांत जे खाल्लंच नाही, ते नंतर भुशासारखं लागेल." पहिल्या गोष्टीचा अनुभव हर्षदाला लगेच आला. दवाखान्यातली पहिली पेज बिनमिठाची होती, आणि तेव्हापासून मिठाची पेज तिला समुद्राच्या पाण्यासारखी लागायची.

मुगाचं कढण आत आलं, ताक आलं. एकविसाव्या दिवशी मिक्सरमधला दुध्या आला. अर्धी वाटी खायला अर्धा तास, घास तीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही. शरीर आणि मन शांत आहे का, ते मनगटावर बांधलेला पट्टा ठिपक्यानं दाखवायचा; ठिपका हिरवा असेल तरच नवा पदार्थ तोंडात घालायचा. पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे ताटावरून उठा. अंडं आलं, इडली आली. एकसष्टाव्या दिवशी दुधात भिजवलेली भाकरी आली, तेव्हा ती पोरीसारखी रडली.

चहा मात्र गेला. पस्तिसाव्या दिवशी चहाचा पहिला घोट घ्यायचा होता. सकाळी ती आणि रणजित नेहमीसारखी मागच्या पायरीवर बसली होती. बावीस वर्षं दोघांचं खरं बोलणं व्हायचं ते त्या पायरीवरच, सहा वाजता, कप हातात घेऊन. रणजित सहज म्हणाला, "ह्या सीझनला डंक भाड्यानं देऊया का? तुला जमणार न्हाई, आक्का थकली." बोलणं शहाणपणाचं होतं, म्हणूनच ते तिला झोंबलं. "मी मेले न्हाई अजून," असं म्हणून तिनं रागाच्या भरात हातातला कप तोंडाला लावला. ठिपका लाल होता, तिनं बघितलाच नाही. वीस मिनिटांत सगळं बाहेर आलं. त्या दिवसापासून उकळत्या चहाचा वास आला की ती मोरीकडे धावायची. रणजित स्टँडवर चहा पिऊन, वेलदोडा चघळत घरी यायचा आणि तरीही ती तोंड फिरवायची. पायरी सकाळी रिकामी राहू लागली. दोष कुणाचा नव्हता, पण दोघंही मनातून खजील होती.

चटणीचं असं झालं तर? हाच प्रश्न तिला कुरतडत होता. चहावाचून संसार रडतखडत चालेल, पण चटणीवाचून डंकावर बसायचं कोणत्या तोंडानं? हा अख्खा सीझन आक्का गिऱ्हाइकांसमोर घास खात होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आणखी किती वर्षं खाणार?

तिखटाची पाळी यादीत शेवटी होती. नव्वदाव्या दिवशी दवाखान्यात तिला एका गार खोलीत बसवलं, मंद बासरी लावली आणि समोर एक पाकीट ठेवलं. पाकिटावर लिहिलं होतं, मध्यम तिखट. पहिल्या घासाआधी वासानं कौल बिघडू नये म्हणून हर्षदानं मास्क लावलेला होता, तरी रंग बघूनच तिनं ते पाकीट लांब सारलं.

"ही चटणी न्हाई, मॅडम. हा रंगवलेला भुसा हाय. हे माझ्या जिभंवर बसलं तर जन्मभर मी हेच बरोबर म्हणून सांगत बसीन."

मुल्ला मॅडम हसल्या. "मग घरची घ्या. पण ठिपका हिरवा हवा. घाई करू नका, आणि उशीरही करू नका."

आता यातलं नेमकं काय करायचं, हे परतीच्या वाटेवर तिला काही उमगलं नाही.

घरी आल्यावर आक्कांनी सूनबाईसाठी खास चटणी करायला घेतली. डंकावर नाही, स्वतःच्या हातानं, उखळात. बरणी भरली, वर फडकं बांधलं आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. ठिपका हिरवा झाल्याशिवाय फडकं सोडायचं नाही, असं ठरलं.

आणि मग घरानं शांततेचा असा काही ध्यास घेतला की विचारू नका. टीव्ही बंद. कुकरची शिट्टी काढून ठेवली. रणजित चपला हातात घेऊन घरात चालायचा. शेजारच्या बायका कुंपणावरून ओरडायच्या, "हर्षदाऽ, शांत ऱ्हा गंऽ!" ती डोळे मिटून बसायची, एक डोळा किलकिला करून ठिपका बघायची. पिवळा. जितकी शांतता वाढे तितकं तिचं काळीज धडधडे, आणि मग ती उठून अंगणातून दारात, दारातून अंगणात येरझाऱ्या घालायची. शहाण्णव, सत्त्याण्णव, दोन्ही दिवस असेच गेले. फक्त दुपारी ती सगळ्यांची नजर चुकवून डंकाच्या मागच्या खाटेवर मास्क लावून पडायची. तिथं धबधब आवाजात तिला जरा बरं वाटायचं आणि ठिपका बघायचंही ती विसरायची.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी सकाळी भडगावच्या इंदुताई डबा घेऊन आल्या. आक्का देवळात गेल्या होत्या.

"हर्षदा, राग मानू नको," इंदुताई म्हणाल्या, "पर औंदा मीठ लई पडलंय. आक्कांच्या हातनं असं कवा झालं न्हवतं."

हर्षदाला चाखता येणार नव्हतं. तिनं डबा कागदावर ओतला आणि बोटांनी चिवडला. चटणी मोकळी पडायच्या ऐवजी गोळे झाले. मिठानं ओल धरली होती. तेवढं कळायला जीभ लागत नाही.

"आक्कांचं न्हाई, मावशी. मीठ मीच टाकलं हुतं," ती पटकन म्हणाली. "बिनमिठाची मिसळून देते."

इंदुताई नीट केलेला डबा घेऊन गेल्या. त्यातली थोडी चटणी हर्षदानं वाटीत काढून ठेवली. मग ती आत गेली, मास्क घट्ट केला आणि देवळीतल्या बरणीचं फडकं सोडलं. काचेला आतून ओल सुटली होती. चमचा उभा घातला तर चटणी मातीसारखी त्याला चिकटून वर आली. इंदुताईंच्या डब्यापेक्षाही इथं मीठ जास्त होतं.

तिनं चमचा बाजूला ठेवला. आक्कांची जीभ गेली होती.

ज्या बाईनं तिला बावीस वर्षांपूर्वी मिठाचा हात शिकवला, 'चिमटीला विचार, डोक्याला विचारू नको' म्हणून सांगितलं, त्या बाईला मीठ कळत नव्हतं. आणि तिनं मायेनं केलेली बरणी हर्षदानं खाल्ली, तर तेवढं मीठ तिच्या जिभेवर कायमचं बरोबर म्हणून बसणार होतं. नाही खाल्ली, तर का खाल्ली नाही ते सांगावं लागणार होतं. तिनं फडकं परत होतं तसं बांधलं. नव्व्याण्णवाव्या दिवशी वाटीतली चटणी घेऊन ती एकटीच माडीवर जाऊन बसली. आक्कांचा विचार डोक्यातून जाईना, ठिपका लालचा पिवळाही होईना. वाटी झाकून ती खाली आली.

शंभरावा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला यंत्राची मुदत संपणार होती. दोन तासांचा कौल धरला तर घास चारच्या आत पोटात जायला हवा होता. तीन वाजता रणजित मोबाइल घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला, जरा अंतर राखून.

"हे बघ," तो म्हणाला. "पट्ट्याचा सगळा आलेख काढला. रोज दुपारी तीन ते पाच तुझा ठिपका हिरवा असतोय. त्या टायमाला तू असतीस कुठं?"

हर्षदानं चोरी सापडल्यासारखी मान खाली घातली. "डंकाच्या मागं. खाटंवर."

रणजितनं कपाळावर हात मारला. "आणि आमी इकडं कुकरची शिट्टी काढून बसलोय! चल ऊठ."

खाटेवर बसल्यावर पायांखालची जमीन मुसळांबरोबर थरथरू लागली आणि तिचा श्वास आपोआप लांबला. साडेतीनला ठिपका हिरवा झाला. वाटी तिच्या मांडीवर पदराखाली होती. तेवढ्यात आक्का आल्या. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. त्या खाटेच्या कडेवर टेकल्या, पण बरणी पुढे केली नाही.

"इंदी मला देवळात भेटली," त्या म्हणाल्या. "माझी चूक तू आपल्या अंगावर घेतलीस."

हर्षदानं पदर वाटीवर आणखी ओढला.

"दोन वर्सं झाली. मीठ कळत न्हाई मला. तू हुतीस तवर झाकून गेलं. औंदा मात्र मलाच बसावं लागलं."

"मग एवढी घरं गेली, आक्का. एकट्या इंदुमावशीच कशा आल्या?"

"मी युक्ती केली," आक्का म्हणाल्या. "मला अळणी लागली म्हंजे चटणी बरोबर झाली. मला चव लागली म्हंजे बिघडली. असं धरून 'बांधा' म्हणत आले. इंदीच्या वक्ताला ध्यान चुकलं."

"आणि ही बरणी?"

आक्कांनी बरणीवरचं फडकं उगीच नीट केलं. "ही तुझ्यासाठी करत हुते. म्हटलं, सुनंला काय भरवतोय ते आपल्यालाबी लागू दे की एकदा. मला लागंपर्यंत मीठ घालत गेले." त्यांनी बरणी पोटाशी धरली. "ही खाऊ नको, पोरी. पदराखाली झाकलीयास ती खा. मी हिला मोरीत वतते."

त्या उठल्या. हर्षदानं मास्क खाली ओढला, वाटी काढली, भाकरीवर चिमूट ठेवली, तेलाचा थेंब टाकला. पट्ट्याकडे बघितलं. पिवळा.

"पावणेचार!" रणजित डंकाच्या दारातून ओरडला.

"आक्का, तुमी बसा हितं," ती म्हणाली. आक्का बसल्या. मांडीवर बरणी, नजर जमिनीवर. हर्षदानं पुन्हा घास उचलला. पिवळा. तिनं मनाला समजावलं, ही बरोबर चटणी आहे, पोटाचा धंदा आहे, सगळं आयुष्य पुढे आहे. मनाला पटलंही. पण नाडी कुठे कुणाचं ऐकते? घास ओठांपाशी येईपर्यंत ठिपका लाल झाला.

तिनं वाटी खाली ठेवली. तिची नजर आक्कांच्या हातांवर गेली. त्या हातांची बोटं मिरचीनं कायमची तांबूस झाली होती. तिच्या लक्षात आलं की ही चटणी खाल्ली तर पुढे जगातली प्रत्येक चटणी आपल्याला अळणी लागेल. लग्नातलं जेवण, माहेरची भाजी, स्वतःच्या हातचा रस्सा, ज्यात ज्यात चटणी पडते त्यातलं काहीच पुन्हा पूर्वीसारखं लागणार नाही. आणि हेही लक्षात आलं की ही म्हातारी दोन वर्षं तशाच अळणी जगात एकटी राहते आहे, आणि घरात कुणी तिला विचारलेलं नाही.

"आक्का," ती म्हणाली, "फडकं सोडा. भरवा मला."

"येडी हायस काय? जीभ जाईल तुझी!"

"जाऊ दे. युक्ती हाय न्हवं तुमच्याकडं? मला शिकवा."

आक्कांची बोटं फडक्याच्या गाठीकडे गेली. रणजित धावत आला, त्यानं पट्ट्याकडे बोट दाखवलं. ठिपका हिरवा होता. अगदी गडद हिरवा.

चारला सहा मिनिटं कमी असताना आक्कांनी बरणीतला घास भरवला. हर्षदानं तीस वेळा चावला. तिखट कानांपर्यंत गेलं, लसूण आला, खोबरं आलं, तीळ आले, आणि या सगळ्यांवर मीठ आलं, भरपूर, डोळ्यांत पाणी येईल एवढं. शंभर दिवसांत तिनं एवढं चवदार काही खाल्लं नव्हतं. पुढचे दोन तास तिघं खाटेवर तशीच बसून राहिली. एकदा पोटात कळ आली, तेव्हा आक्कांनी तिचा हात धरला आणि तिची पाठ चोळत राहिल्या. सहाला चार मिनिटं असताना पट्टा एकदा थरथरला. चटणी आत आली होती.

रणजितनं हर्षभरानं बरणीत बोट घातलं, चाटलं आणि पाण्याचा तांब्या शोधत पळाला. दोघी सासू-सुना इतक्या हसल्या की आतल्या कामकरणी बायांनी मुसळं थांबवून बाहेर डोकावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हर्षदा मागच्या पायरीवर येऊन बसली. रणजित दारातच घुटमळला. त्याच्या हातात दोन पेले होते आणि दोन्हींत गरम पाणी होतं. एक त्यानं तिच्या हातात दिला. दोघांनी ते पाणी चहासारखं फुंकर मारून प्यायलं.

नऊला पहिलं गिऱ्हाईक आलं, हलकर्णीची एक नवी सून. तिची ही पहिलीच चटणी होती, म्हणून ती मुसळांकडे टक लावून उभी होती. चटणी झाली. आक्का बाजूच्या पाटावर बसल्या होत्या. हर्षदानं मिठाचा हात घातला, भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला, चिमूट घेतली, तेल टाकलं आणि घास तोंडात ठेवला.

चव पांगळी लागली. तिखट नुसतं झोंबलं आणि गेलं, मागे काही उरलं नाही. तिचा हात आपोआप मिठाच्या डब्याकडे वळला. तिनं आक्कांकडे बघितलं. आक्कांनी पाटावरून जरासं मान हलवून नको म्हटलं.

"मीठ बरोबर झालंय न्हवं, काकू?" नव्या सुनेनं काळजीनं विचारलं.

हर्षदानं हात मागे घेतला आणि पदरानं डोळे पुसले. मिरची डोळ्यांत गेली असेल, असं त्या पोरीला वाटलं.

"बरोबर झालंय," ती म्हणाली. "बांधा."